फुटते हे नक्की, पण कुठे?

पडद्यावरची ही संख्या २१ अंकी आहे: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. २ चा ६७वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, की ही मिळते.

१६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी या घाटाच्या मूळ संख्यांची यादी दिली. कोणते घातांक चालतात, तर त्यात ६७ होता. दोनशेहून जास्त वर्षं तो तिथे सुखानं नांदला. एवढा आकडा हातानं तपासणार कोण? लिहायचं होतं ६१ आणि पडलं ६७, असाही एक तर्क आहे. ६१ खरोखर चालतो आणि यादीत तो नाही, त्यामुळे तर्क अगदीच ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

१८७६ मध्ये एद्वार ल्युका यांनी ही संख्या मूळ नाही हे सिद्ध केलं. गंमत अशी, की तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता! हे जमतं कसं? त्यांच्या पद्धतीचं आजचं रूप ३१ वर, म्हणजे २ चा ५वा घात वजा १ वर, चालवून बघू. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा: १४. पुन्हा तेच: १९४. ३१ ने भागा, बाकी ८. आणखी एकदा: ६२. आता ३१ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे ३१ मूळ. घातांक ५ ला हे ३ वेळा करायचं, ६७ ला ६५ वेळा. शेवटी शून्य आलं नाही, तर संख्या फुटते. कुठे फुटते, ते ही बाकी सांगत नाही.

ते शोधायला एक आधार आहे. घातांक ११ घेतला तर येतात २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९. २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. विषम मूळ घातांकाला प्रत्येक मूळ अवयव असाच येतो: घातांकाच्या दुपटीची एखादी पट, अधिक १. आपल्या संख्येला १३४ च्या पटी. फक्त पहिला अवयव लागतो तो १४,४५,५८०व्या पटीवर.

तो जाहीर झाला ऑक्टोबर १९०३ मध्ये, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत. फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडलं: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. म्हणे ते चकार शब्द न काढता फळ्यावर गुणाकार करून खाली बसले, आणि त्यासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले होते. गोष्टीत थोडा मीठमसाला असेलही. गुणाकार मात्र कुणीही ताडून पाहावा.

आज हेच अवयव संगणक चुटकीसरशी काढतो. पण घातांक वाढला, की ल्युकांची कसोटी आटोक्यात राहते आणि अवयव शोधणं हाताबाहेर जातं. २ चा १२७७वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही हे सिद्ध झालंय. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.