जोडावरचा शिक्का

(दृश्य: धुळे. राजवाडे संशोधन मंडळाची इमारत, बाहेरून)

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडले, माळ्यांवरचे कागद गोळा करत राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं. खानदेशात जुन्या कागदांचं काही बोलायचं, तर इथूनच सुरुवात.

(दृश्य: रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी बासन, सोडणारे हात. मोडी कागद उलगडतो, मग उलटा होतो)

लांबलचक कागद. एक बंद, म्हणजे कागदाचा एक तुकडा, संपला की त्याला खळीनं दुसरा चिकटवायचा आणि मजकूर पुढे चालू ठेवायचा. आता पाठची बाजू बघा. जोडावर शिक्का मारायची पद्धत होती: अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद काढून कुणी दुसरा घुसवला, तर अर्ध्याला अर्धा जुळायचा नाही. आणि मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे अखेरचा शिक्का! खाली ओळ वाढवायची सोयच नाही.

(दृश्य: स्कॅनर, मग संगणकाचा पडदा)

ब्लॉकचेन म्हणजे संगणकावरच्या नोंदींची साखळी. तिची चाल हीच. स्कॅन केलेली फाईल ‘शा-२५६’ या गणिती रीतीतून गेली की ६४ अंक-अक्षरांची खूण मिळते. तिला हॅश म्हणतात. आता चित्रातला एकच ठिपका बदलू. बघा, सगळी खूण पालटली. अशा खुणांचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकच्या पोटात आधीच्या ब्लॉकची खूण. मागचं काही बदललं, की पुढचे सगळे जोड उसवतात.

बिटकॉइन या डिजिटल नाण्याचा गाजावाजा २००८ नंतरचा. दस्तऐवजांवर अशी साखळीबद्ध वेळेची मोहर उमटवायची कल्पना हेबर आणि स्टोर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्येच मांडली होती. म्हणजे आधी दस्तऐवज, मग नाणं. हे कुणी सांगत नाही!

गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले असे ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले गेले.

(दृश्य: कसर लागलेला कागद, जवळून)

साखळीत कागद नसतो, नुसती खूण असते. कसर तिला घाबरत नाही. आणि खोटा कागद नोंदवला, तर तोही तसाच्या तसा जपला जाईल. खरं-खोटं मोडी वाचणाऱ्यालाच ठरवावं लागेल.

(दृश्य: जिल्ह्यांचा नकाशा)

पण खूण स्कॅनच्या दिवशीच घ्यायला हवी. आणि ती फाईलशेजारी, त्याच संगणकात ठेवून भागणार नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे साखळीची एकेक प्रत ठेवा. मग एकट्यादुकट्याला फेरफार लपवता येणार नाही.