बार्टोकची काठी आणि आपली हलगी

काठीचा नाच म्हटलं की सोलापुरात आधी नंदीध्वज आठवणार, ते साहजिकच आहे. संक्रांतीला सात काठ्या निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त त्या पेलतात आणि आपण गर्दीत मान वर करून काठी कुठं कलतेय ते बघत राहतो. आज ज्या काठीबद्दल बोलायचंय ती एवढी उंच नाही. तेव्हा हंगेरीत असलेल्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतातल्या एका खेड्यात ती हातात धरून नाचायचे. दोन व्हायोलिनवाल्यांनी त्या नाचाची चाल वाजवली आणि बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकारानं ती टिपून घेतली. १९१५ साली त्यानं पियानोसाठी रोमानियन लोकनृत्यांचे सहा तुकडे रचले, त्यातला पहिला हाच.

तिसऱ्या तुकड्याचं नाव आहे ‘जागच्या जागी’. नाचणारा जागा सोडत नाही आणि सूरही थोड्याच स्वरांत घोटाळत राहतो. त्यात मध्येच एक उडी येते. भैरव रागात कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाताना असते तेवढीच. सहाही तुकडे एकापाठोपाठ ऐकले तरी चहा गार होत नाही, इतके छोटे आहेत.

बार्टोक १८८१चा. शिक्षण सगळं शहरी, पियानोत तयार झालेला माणूस. १९०४ साली त्यानं ट्रान्सिल्व्हेनियाच्या एका मोलकरणीला गाताना ऐकलं आणि तिथून त्याला खेड्यातल्या गाण्यांचा नाद लागला. १९०६पासून तो आणि त्याचा मित्र कोडाय फोनोग्राफ घेऊन गावं पालथी घालू लागले. त्या यंत्राच्या मेणाच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटं मावायची. कर्ण्यात तोंड घालून गायला म्हाताऱ्या बायका किती लाजल्या असतील, विचार करा. घरी आल्यावर तीच नळकांडी पुन्हा पुन्हा लावून तो एकेक हरकत कागदावर उतरवायचा.

मला सगळ्यात जास्त आवडते ती त्याची एक चूक.

बल्गेरियातल्या नाचांत ठोके सारखे नसतात. काही दोनचे, काही तीनचे. टाळी देऊन बघू या: एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. पुन्हा. बघा, शेवटच्या टाळीला तुमचीच घाई होतेय! रूपक ताल वाजवणाऱ्याला या सात मात्रा नव्या नाहीत, पण रूपकात तीन आधी येतात. इथं ते शेवटी आहेत आणि लयही धावती आहे. बार्टोकला हा हिशेब नीट उमगला तेव्हा त्यानं स्वतःची जुनी रोमानियन ध्वनिमुद्रणं पुन्हा कान देऊन ऐकली. तर त्यातल्या काही चाली त्यानंच पूर्वी सरळ मात्रांत लिहून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्यक्षात त्या अशाच लांब-आखूड ठोक्यांच्या होत्या. एवढा बारीक कान, तरी सवयीनं सरळ करून ऐकलं होतं. त्यानं लेखन दुरुस्त केलं. पुढं ‘मिक्रोकॉसमॉस’ या १५३ तुकड्यांच्या संग्रहात शेवटचे सहा त्यानं बल्गेरियन लयीतच रचले.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतलं लेझीम आठवलं. पीटीचे सर शिट्टीवर मोजायचे, एक दोन तीन चार, आणि आमचे पायही गणवेश घातल्यासारखे पडायचे. तेच लेझीम गल्लीतल्या मिरवणुकीत हलगीवर खेळायचो, तेव्हा चौथ्या ठोक्याला हलगी किंचित रेंगाळायची. तेवढ्यात गुडघा वाकवायला सवड मिळायची आणि लेझमाच्या चकत्या नीट खणखणायच्या. हलगीवाले मामा जाळ करून हलगी शेकत बसले होते, तेव्हा मी विचारलं, “मामा, हे किती मात्रांचं?” ते म्हणाले, “मोजतोस काय, नाच की.” त्या वेळी मला वाटलं, यांना मोजता येत नाही. वय बारा-तेराचं होतं, माफ करा.

आणखी एक गोष्ट सोलापुरातच सांगायला हवी, कारण इथं एका गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येतं. बार्टोकनं हंगेरियन गाणी गोळा केली तशीच रोमानियन आणि स्लोव्हाकही केली, उत्तर आफ्रिकेत जाऊन अरबी गाणीसुद्धा टिपली. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेला. हंगेरीत माणसं दुखावलेली, चिडलेली. अशा वेळी, १९२०मध्ये, रोमानियन लोकसंगीतावर लेख लिहिला म्हणून त्याच्यावर देशाशी बेइमानीचा आरोप झाला. पुढं १९२३ साली बुडा आणि पेस्ट ही शहरं एक झाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच्याकडं रचना मागितली. त्यानं ‘नृत्यमालिका’ दिली. तिच्यात अरबी वळणाची धून, रोमानियन वळणाची धून आणि हंगेरियन वळणाची धून शेजारी शेजारी बसवली. त्यात उचललेली चाल एकही नाही, सगळ्या त्याच्या स्वतःच्या. पण नाच मात्र गावातला.

आता ‘मिक्रोकॉसमॉस’मधला १४९ क्रमांकाचा तुकडा लावतो. आपण मघाशी टाळी दिली तोच हिशेब, दोन-दोन-तीन. मागं हलगी घेऊन आलेली मंडळी बसलीत, त्यांनी पहिल्या वेळी नुसतं ऐकावं. दुसऱ्यांदा लावीन तेव्हा वाजवा, आणि तिथल्या दोन रांगांनी खुर्च्या जरा मागं सरकवून घ्या.