गच्चीवरचं माकड, बर्फातला यती आणि नान्नजचा माळ

(दृश्य: रात्र. सोलापुरातल्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, लांबवर भुंकणारं कुत्रं.)

मे महिन्यात सोलापुरात घरात झोपायचं म्हणजे तव्यावर झोपायचं. पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत भिंती वाफा टाकत राहतात. मग गाद्या-चादरी गच्चीवर जातात आणि त्यांच्यामागोमाग गोष्टी. या गल्लीत मराठी भूत, पुढच्या गल्लीत विणकरांच्या घरी तेलुगू दय्यम, त्याच्या पलीकडे कन्नड देव्व. आपल्या शहरात भीतीसुद्धा तीन भाषा बोलते.

2001 सालच्या मे महिन्यात दिल्लीकरही असेच गच्चीवर झोपले होते. उकाडा तोच आणि वीजही तशीच जायची. तिथं ‘काला बंदर’ आला. कुणाला तो चार फुटांचा दिसला, कुणाला त्याहून बराच उंच. कुणी म्हणालं अंगभर केस, कुणी म्हणालं डोक्यावर हेल्मेट आणि बोटांना लोखंडी नखं. पोलिसांनी चित्रं काढून घेतली, बक्षीस लावलं. हाती काहीच लागलं नाही. पण “आला, आला” या ओरड्यानं दचकून पळताना लोक पडले आणि त्यात जीव गेले. त्या उन्हाळ्यातली खरी माणसं मारणारी गोष्ट एवढीच.

(दृश्य: पहाट. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान, वाळलेलं गवत.)

एक गंमत बघा. आपल्याकडे मुंजा पिंपळावर बसतो, हडळ विहिरीपाशी भेटते, चकवा रात्रभर माणसाला एकाच बांधाभोवती फिरवतो. या सगळ्या गोतावळ्यात माणूस की माकड कळू नये असा केसाळ रानमाणूस मात्र आमच्या ऐकण्यात नाही. तो राहणार तरी कुठं? या माळावर लांबचं काळवीटसुद्धा नजरेत भरतं. लपायला झाडी लागते, दरी लागते, धुकं लागतं.

हिमालयात ते सगळं आहे, म्हणून यतीही आहे. तिकडच्या काही कथांत त्याचे पाय उलटे असतात. हे ऐकलं की आपल्याकडची कोणतीही आजी म्हणेल, “अगं बाई, ही तर आमची हडळच!”

यतीला जगभर नेलं एका भाषांतरानं. 1921 साली एव्हरेस्टची पाहणी करायला गेलेल्या ब्रिटिश मोहिमेला उंचावरच्या बर्फात ठसे दिसले. हमालांनी ते हिममानवाचे म्हणून सांगितले. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन यांनी त्या नावाचं इंग्रजी केलं ते ‘किळसवाणा हिममानव’ या अर्थाचं, आणि तेच चिकटलं. मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते ते ठसे बहुधा लांडग्याचे होते. मऊ बर्फात पावलावर पाऊल पडून दुहेरी ठसा उठतो आणि तो अनवाणी माणसाच्या पायासारखा दिसतो.

लांडगा. हा शब्द लक्षात ठेवा.

पुढचं भराभर सांगतो. 1951 साली गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी बर्फातल्या ठशाशेजारी गिर्यारोहणाची कुऱ्हाड ठेवून फोटो काढला, तो जगभर गाजला. अमेरिकेत 1958 साली ब्लफ क्रीकला रस्त्याच्या कामावर प्रचंड पावलं उमटली आणि तिथल्या केसाळ रानमाणसाला ‘बिगफूट’ हे नाव रूढ झालं. तिथला ठेकेदार रे वॉलेस 2002 साली वारला, तेव्हा घरच्यांनी ठसे उठवायचे लाकडी पाय काढून दाखवले. तरी श्रद्धावंत हलले नाहीत. मेघालयातल्या गारो टेकड्यांत ‘मांडे बुरुंग’ म्हणजे रानमाणूस आहे म्हणतात. त्याचे म्हणून दिलेले केस 2008 साली तपासले, तर ते गोरल नावाच्या डोंगरी जनावराचे निघाले. 2017 साली यतीचे मानलेले नऊ नमुने, हाडं, दात, कातडी, केस, डीएनएसाठी तपासले गेले. आठ अस्वलांचे. नववा कुत्र्याचा! आणि एवढं होऊनही 2019 साली आपल्या लष्करानं नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे 32 बाय 15 इंचांचे ठसे यतीचे म्हणून जगाला दाखवलेच.

हसू येतं खरं. पण हमालांना हसू नये. ज्याला रोज त्या दरीतून एकट्यानं जावं लागतं, त्यानं अस्वलाला मोठं नाव दिलं तर बिघडलं कुठं? लाकडी पाय घालून नाचणाऱ्याची गोष्ट निराळी.

(दृश्य: ओली काळी माती. कॅमेरा जमिनीलगत.)

हा नान्नजच्या माळाकडेचा वळणरस्ता. रात्री पाऊस पडून गेलाय. चार बोटं, पुढं नखांची टोकं, मागं गादी. लांडगा. शांत चालताना तो पुढच्या पायाच्या ठशात जवळपास मागचा पाय टाकतो. इथं मागचा पाय बोटभर अलीकडं पडलाय, त्यामुळं दोन ठशांचा एक लांबट पाय झालाय. काळी माती ओली असताना कडा बाहेर ढकलते आणि वाळताना भेगाळत उघडते. दुपारी पुन्हा येऊन पाहिलं, तर सकाळचा ठसा पसरला होता आणि नखांच्या खुणा भेगेत गेल्या होत्या.

शेजारी आमच्या कॅमेरामननं चप्पल काढून पाय ठेवला. ठशापेक्षा थोडासाच मोठा निघाला.