स्किनचे डॉक्टर किती कमावतात?

(दृश्य: फ्रिज उघडतो. हातमोजे घातलेला हात छोटी बाटली बाहेर काढतो. क्लोजअप.)

बाटली रिकामी वाटते ना? उजेडात धरा. तळाशी पांढरट पापुद्रा दिसेल. हे बोटॉक्स, १०० युनिट. यात अडीच मिलिलिटर सलाइन घालायचं. ते काचेच्या कडेने हळू सोडायचं, बाटली खळखळवायची नाही. मग दर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी ५ जागी टोचायचं, प्रत्येक जागी ४, म्हणजे २० युनिट. हिशेबाने एका बाटलीत पाच जणांचं काम होतं.

एकदा सलाइन गेलं की औषध फ्रिजमध्ये ठेवूनही २४ तासांतच वापरायचं. दोघंच आले तर ६० युनिट बेसिनमध्ये, बाटलीचे पैसे मात्र पूर्ण. म्हणून क्लिनिकची रिसेप्शनिस्ट आठवडाभर फोन करून पेशंट एकाच दिवशी गोळा करते. लेबलवर एक बाटली एकाच पेशंटला असं लिहिलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

(दृश्य: दादर स्टेशन, गर्दी. मग पॉलिक्लिनिकच्या दारातला बोर्ड: डॉक्टरांची नावं, समोर वार आणि वेळा.)

एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडीची तीन. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजातून शिकलं तर वर बाँड, म्हणजे ठरावीक काळ सरकारी सेवेची सक्ती. एवढं करून बाहेर पडलेली डॉक्टर बहुधा अशाच बोर्डावर सुरुवात करते. सोमवार-गुरुवार दादर, मंगळवार-शुक्रवार घाटकोपर, शनिवारी डोंबिवली.

पगार नसतो, शेअर असतो. समजा फी ८०० रुपये आणि डॉक्टरचा वाटा ७० टक्के. संध्याकाळी दहा पेशंट झाले, पण त्यातले चार आठवड्याच्या आत आलेले फॉलोअप, त्यांना फी नाही. जमा ४,८००, वाटा ३,३६०. त्यातून १० टक्के टीडीएस कापला की हातात ३,०२४. पावसाळ्यात लोकल बंद पडली की तेही नाहीत.

खरी वादावादी प्रोसिजरवर होते. टक्का पूर्ण बिलावर, की सुया, जेल, औषध वजा करून उरलेल्यावर? १०,००० च्या बिलात ४,००० चं साहित्य असेल, तर निम्मा वाटा ५,००० तरी होतो नाहीतर ३,०००. नवे डॉक्टर हे लिहून घेत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात भांडतात.

(दृश्य: लेसरची खोली. गॉगल लावलेली पेशंट, हातावर थंड जेल, हँडपीसची टिकटिक.)

हा डायोड लेसर, ८०८ नॅनोमीटर. केसातल्या काळ्या रंगाने ऊर्जा शोषायची आणि मूळ भाजून काढायचं, हे याचं काम. अडचण अशी की तोच रंग आपल्या कातडीतही असतो. म्हणून आधी छोट्या जागी टेस्ट घ्यायची, ऊर्जा कमी ठेवायची, हँडपीसचं, म्हणजे लेसर सोडणाऱ्या हातातल्या भागाचं, टोक सतत गार ठेवायचं. नुकतंच उन्हात फिरून आलेल्या पेशंटला परत पाठवायचं. घाई केली की चट्टे उठतात. सहा ते आठ सेशन, चेहऱ्यासाठी दोन सेशनमध्ये चार-सहा आठवड्यांचं अंतर. पेशंट वर्षभर येत राहतो आणि बँकेला नेमकं तेच आवडतं.

समजा मशीन २५ लाखांचं, सगळं कर्जाने, पाच वर्षं, १२ टक्के व्याज. हप्ता साधारण ५५,६०० रुपये. ३,५०० रुपयांचं सेशन धरलं तर महिन्याची पहिली सोळा सेशन बँकेची. मग टेक्निशियन, जागेचं भाडं, एएमसी, म्हणजे मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार. हँडपीसचे शॉट मोजलेले असतात. संपले की नवा घ्यायचा, आणि तो स्वस्त नसतो. केसारोपण, कॉस्मेटिक सर्जरी यांच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, सोरायसिसच्या तपासणीवर नाही. वांद्र्यात लाखांत बोलणारे बहुतेक वेळा गल्ल्याचा आकडा सांगतात, घरी नेलेला नव्हे.

तरीही एक खरं: मशीन स्वतःचं आणि हप्ता फिटलेला असेल, तर त्याच पदवीचा डॉक्टर शेअरवाल्याच्या कितीतरी पुढे जातो. पदवीने फक्त दार उघडतं. खुर्ची कोणाची, मशीन कोणाचं, यावर पुढचं ठरतं.

(दृश्य: पालिका रुग्णालयाची स्किन ओपीडी. काचपट्टीवर खरवडलेले कण, त्यावर थेंब पडतो.)

केईएम, सायन, नायर. इथे लेसरपेक्षा हा थेंब जास्त चालतो: १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. गजकर्णाच्या कडेचा कोंडा ब्लेडने खरवडायचा, थेंब टाकायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे शोधायचे. दमट हवा, ओले कपडे आणि केमिस्टने चिठ्ठीशिवाय दिलेली स्टिरॉइडची ट्यूब, यांमुळे जुलै-ऑगस्टमध्ये ही रांग फुगते.

सरकारी नोकरीत पगार ठरलेला. उदाहरणार्थ, केंद्र सरकारच्या रुग्णालयात सीनियर रेसिडेंटचं (एमडी झाल्यावर रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरचं) मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ६७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. तीस पेशंट पाहा की दीडशे, महिनाअखेरीचा आकडा तोच. वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयात, १८९० पासून, कुष्ठरोगाचं काम चालतं. गोळ्यांचा कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा आणि फुकट.

(दृश्य: ओपीडीची रांग, वरून.)

एमडीच्या शिक्षणात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग तिन्ही येतात. त्यातल्या शेवटच्या दोघांवर क्लिनिकचं भाडं निघत नाही, म्हणून नवे डॉक्टर बाँड संपला की लेसरच्या खोलीकडे वळतात.