तिकीट आपण होऊन द्यायला येणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो. यवतमाळ, वाशीम, वर्ध्याकडच्या खेड्यांतली पुष्कळ पोरं आता जर्मनीत, फ्रान्समध्ये, लंडनला नोकरीला आहेत. कापूस-सोयाबीनचं उरकलं की त्यांचे आईबाबा महिना-दोन महिने तिकडे राहून येतात. मुलगा विमानतळावर घ्यायला येतो, पण तो कामावर गेला की फिरायचं आपलं आपल्यालाच, आणि फसगत होते ती तिथं.

एसटीत आपण जागेवर बसतो, कंडक्टर येतो, पैसे घेऊन तिकीट देतो. माणसाकडून तिकीट घ्यायची ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. युरोपातल्या मेट्रोत कंडक्टर येत नाही. तिकीट यंत्रातून, खिडकीवर किंवा मोबाईलवर काढायचं असतं.

पॅरिसच्या मोठ्या स्टेशनवर तुम्ही यंत्रापुढे चाचपडत असता. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कुणी गोड बोलत जवळ येतो. "तुमचं कार्ड इथं चालत नाही" म्हणतो, स्वतःच बटणं दाबतो, स्वतःचं कार्ड लावतो आणि आठवड्याचा पास म्हणून तिकीट हातात ठेवून रोख पैसे घेतो. निघतं ते एका फेरीचं, कधी लहान मुलाचं. मेट्रोची एक फेरी 2025 मध्ये 2.50 युरोंना होती. तिथला आठवड्याचा पास सोमवार ते रविवार चालतो आणि तो कार्डावर भरून मिळतो. गुरुवारी कुणी 'सात दिवसांचा' म्हणून कागदी तिकीट दिलं, तर तिथंच ओळखा.

बर्लिनमध्ये स्टेशनवर कुणी स्वस्तात तिकीट देऊ करतो, ते आधीच वापरलेलं असतं. तिथं कागदी तिकिटावर पेटीत शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर खरं तिकीटही बाद. दंड 60 युरो, आणि माहीत नव्हतं म्हटलं तरी सुटका नाही. इटलीतल्या प्रादेशिक गाड्यांच्या कागदी तिकिटालाही चढण्याआधी असाच शिक्का लागतो. तपासनीस साध्या कपड्यांतही असतो. त्याचं ओळखपत्र पाहा, आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका.

लंडनला काम सोपं आहे. बँकेचं कार्ड फाटकावर टेकवायचं, उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. नवराबायकोला मात्र वेगवेगळं कार्ड हवं. बसमध्ये 2014 पासून रोख घेतच नाहीत.

आपल्याला भीड फार. समोरचा मदतीला आला, त्याला नाही कसं म्हणायचं? मायबहिणींनो, तिथं खुशाल नाही म्हणा, यंत्रापासून बाजूला व्हा आणि खिडकी गाठा. खिडकी बंद असली तर पोराला फोन लावा, तो ऑफिसात असला तरी लावा.

आणि जायच्या आधी एकदा नागपूरला जाणं झालं, तर सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर यंत्रातून आपल्या हातानं तिकीट काढून पाहा. सोबतच्याला बाजूला उभं राहायला सांगा.