अटकेचं कारण लेखी द्या

(दृश्य: पोलीस स्टेशनचा व्हरांडा, रात्रीची वेळ)

कुठल्याही पोलीस स्टेशनात गेलात तर आत दर्शनी भागात एक बोर्ड दिसायला हवा, अटक करताना पोलिसांनी काय काय पाळायचं त्याचे अकरा मुद्दे. पण तक्रार द्यायला आलेल्याला तो वाचायला फुरसत नसते, आणि ज्याला घरातून उचलून आणलंय त्याचं तर डोकंच सुन्न झालेलं असतं, आई बाहेर बाकड्यावर बसलीये, भाऊ ओळखीच्या वकिलाला फोनवर फोन लावतोय आणि आतून एकच उत्तर येतंय, "चौकशीला आणलंय, सोडू थोड्या वेळात."

हा जो "थोडा वेळ" आहे ना, आजचा विषय तोच आहे. माणूस सगळ्यात एकटा असतो तो याच तासांत, आणि घटनेनं पोलिसांना घातलेल्या मर्यादा खऱ्या आहेत का नुसत्या छापलेल्या, हेही याच तासांत ठरतं.

घटनेचं कलम 22 उघडा. पहिल्या दोन पोटकलमांत सगळं आलंय. अटक केलेल्या माणसाला का अटक केली ते लवकरात लवकर सांगायचं, त्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा आणि 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. एवढंच. पण हे घटनेत आलं कसं ते ऐकण्यासारखं आहे.

(दृश्य: घटना समितीची जुनी छायाचित्रं)

घटनेच्या सुरुवातीच्या मसुद्यात "ड्यू प्रोसेस ऑफ लॉ" असे शब्द होते, म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर नुसता कायदा असून भागणार नाही, तो न्याय्य पण पाहिजे आणि ते कोर्ट तपासणार. मग घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथं न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी बोलणं झालं, आणि या शब्दांमुळे न्यायाधीशांच्या हातात फार मोठी ताकद जाते हे मत घेऊन ते परत आले. ते शब्द गेले. त्याजागी "कायद्यानं घालून दिलेली पद्धत" आली. आता याचा अर्थ सरळ होता, संसदेनं कसाही कायदा केला की झाली ती पद्धत, आणि यावर बाहेर जोरदार टीका झाली.

15 सप्टेंबर 1949 ला बाबासाहेब आंबेडकर नवीन कलम 15-अ घेऊन उभे राहिले, तेच पुढं 22 झालं. त्यांनी सभागृहात आडपडदा न ठेवता सांगितलं की "पद्धत" शब्दाचं ते आधीचं कलम मंजूर करताना जे झालं त्याची ही भरपाई आहे. यातल्या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत म्हणजे सीआरपीसीत ब्रिटिशांच्या काळापासून होत्याच, मग नवीन काय? तर नवीन हे, की साधा कायदा उद्या बहुमतानं बदलता येतो पण मूलभूत हक्क म्हणून घटनेत लिहिलं की संसद असो नाहीतर राज्याचं विधिमंडळ, साध्या कायद्यानं त्याला हात लावता येत नाही. मला विचाराल तर बाबासाहेबांच्या कामातली ही सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे, शाळेत तर कुणी सांगतच नाही.

अर्थात याच कलमात पुढं प्रतिबंधात्मक स्थानबद्धता पण आहे, म्हणजे गुन्हा करेल या शक्यतेवर आधीच आत ठेवणं, आपल्याकडे एमपीडीए हा राज्याचा कायदा लावला म्हणतात तो प्रकार, त्यात वरची हमी लागू होत नाही, सल्लागार मंडळाच्या मंजुरीशिवाय तीन महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. हे त्याच घटनेनं दिलंय आणि ते बोचणारं आहे, लपवण्यात अर्थ नाही.

पण याच स्थानबद्धतेच्या केसेसमधून एक फार मोलाची गोष्ट हाती आली. 1962 साली महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे असा माणूस होता ज्याला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिलेली आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यानं हिंदीत मागितली तर नाही म्हणाले. कोर्टानं स्थानबद्धता बेकायदा ठरवली. कारण कळलंच नाही तर तो त्यावर बोलणार काय?

आता तिथून थेट हल्लीच्या काळात येऊ.

बरीच वर्षं असं चालायचं की अटकेच्या कागदावर छापील ओळ, "अटकेची कारणं समजावून सांगितली", खाली सही. सांगितली का, काय सांगितलं, कुठल्या भाषेत, काही पत्ता नाही. 2023 मध्ये ईडीच्या एका केसमध्ये अधिकारी म्हणाले आम्ही कारणं वाचून दाखवली, सुप्रीम कोर्ट म्हणालं लेखी द्या. 2024 मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या केसमध्ये एका न्यूज पोर्टलच्या संपादकाची अटक याच मुद्द्यावर बेकायदा ठरली. फेब्रुवारी 2025 मध्ये हरियाणातलं एक प्रकरण आलं ज्यात आरोपीला हॉस्पिटलात बेड्या घालून खाटेला साखळीनं बांधून ठेवलं होतं, तिथं कोर्ट म्हणालं की कारणं कळवली नाहीत तर अटकच बेकायदा, आणि कळवली हे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची.

आणि मग 6 नोव्हेंबर 2025. मुंबईत वरळीला जुलै 2024 मध्ये गाडीखाली एका बाईचा जीव गेला होता, त्या केसमधून हा प्रश्न वर गेला. खंडपीठावर सरन्यायाधीश होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई, आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह. निकाल असा, गुन्हा कुठलाही असो, कायदा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. डोळ्यांदेखत गुन्हा घडतोय आणि त्या क्षणी लिहून देणं शक्य नाही तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी म्हणजे कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाही पडला तर अटक बेकायदा, रिमांड बेकायदा, माणूस सुटायला मोकळा. पोलिसांचा रस्ता पण बंद केलेला नाही, कारणं लेखी देऊन ते पुन्हा कस्टडी मागू शकतात.

दोन तास कशाला? कारण त्या दोन तासांत वकील तो कागद वाचतो. रिमांडची सुनावणी कोर्टात कशी होते ते कुणी पाहिलं असेल तर कळेल, कोर्टाबाहेर कॉरिडॉरमध्ये गर्दी, पोलीस आरोपीला घेऊन उभे, वकील घाईघाईत वकालतनाम्यावर सही घेतोय, आणि पाच मिनिटांत पोलीस कोठडी का न्यायालयीन कोठडी याचा निर्णय. हातात कागद नसेल तर वकील बोलणार कशाच्या जोरावर?

(दृश्य: स्टेशन डायरीचं पान, वेळेच्या रकान्यावर कॅमेरा)

आता घड्याळाचा विषय. 24 तास मोजायचे कधीपासून? माणसाला सकाळी नऊला घरून आणलं, दिवसभर बाकावर बसवलं आणि अटक दाखवली रात्री अकराला, हे सर्रास ऐकू येतं. मुंबई हायकोर्टानं 1990 सालीच कस्टम्सच्या एका केसमध्ये सांगितलंय की अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलेली वेळ ही अटकेची वेळ नाही, ज्या क्षणी माणसाचं जाणं-येणं रोखलं तिथून अटक सुरू. म्हणून घरच्यांनी करायचं काम एकच, वेळ पकडून ठेवायची. कोण आलं, किती वाजता, गाडीचा नंबर, गल्लीतला किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही, आपण केलेल्या फोनचा कॉल लॉग. पुढं कोर्टात हेच बोलतं.

सुरुवातीला सांगितलेला तो अकरा मुद्द्यांचा बोर्ड कुठून आला तेही सांगतो. पश्चिम बंगालमधल्या लीगल एड म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या बघून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, ते पत्रच याचिका झालं आणि डिसेंबर 1996 मध्ये निकाल आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे, अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर घरच्या माणसाची नाहीतर भागातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला कळवायचं, कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी. मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांसाठी हीच लढाई पत्रकार शीला बारसे यांनी त्याच्या कितीतरी आधी लढली, त्यांच्याच पत्रावर 1983 चा निकाल आला आणि महिलांसाठी वेगळे लॉकअप, महिला पोलिसांचा पहारा, अटक झाली की लगेच लीगल एड कमिटीला कळवणं हे आदेश निघाले. आज कायदाच सांगतो की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची.

इथं बरेच जण म्हणतात, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला. त्यांना मी एकच केस सांगतो. कसाब. 29 ऑगस्ट 2012 ला सुप्रीम कोर्टानं त्याची फाशी कायम केली, आणि त्याच निकालात लिहिलं की आरोपीला पहिल्यांदा पुढं आणलं की तुला वकील मिळायचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकारी खर्चानं मिळेल, हे सांगणं प्रत्येक मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे आणि चुकलं तर त्याच्यावर खात्याची कारवाई. फाशीही झाली आणि हक्कही मजबूत झाला. आज चोरीच्या संशयावरून धरलेल्या एखाद्या पारधी पोराला कोर्टात फुकट वकील द्यावाच लागतो, त्यात या निकालाचाही वाटा आहे.

जबाबाचं थोडक्यात. घटनेचं कलम 20(3) म्हणतं स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची जबरदस्ती नाही. 1961 मध्ये मुंबई राज्याच्या केसमध्ये 11 न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने घेणं यात बसत नाही, ते द्यावे लागतात. 2010 मध्ये नार्को (औषध देऊन गुंगीत चौकशी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही हे ठरलं. आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणूनच केसमध्ये "आरोपीनं काढून दिलेला" चाकू आणि त्याचा पंचनामा याला एवढं महत्त्व.

(दृश्य: कपाटं उघडलेलं घर, जमिनीवर कपडे)

आणि इथं आपण येतो झडतीवर, जिथं चित्र एकदम बदलतं. अटकेबद्दल घटनेत स्पष्ट कलम आहे, झडतीबद्दल नाही. 1954 मध्ये आठ न्यायाधीशांनी सांगितलं की अमेरिकेसारखं झडतीविरुद्धचं संरक्षण आपल्या घटनेत लिहिलेलं नाही. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, त्यानं पाया बदलला खरा. पण 1974 चा इन्कम टॅक्सच्या धाडीवरचा निकाल अजून उभा आहे, झडती बेकायदा असली तरी त्यात सापडलेलं कामाचं असेल तर पुरावा म्हणून चालतं. ड्रग्जच्या केसमध्ये अंगझडतीला अपवाद आहे, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटपुढं झडती घ्या म्हणायचा तुमचा हक्क सांगितला नाही तर अंगावर सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. बाकी ठिकाणी अटक चुकली तर माणूस सुटतो, झडती चुकली तर मुद्देमाल राहतो. हे मला पटत नाही. घराचा दरवाजा आणि माणसाचं मनगट यात एवढा फरक का असावा?

म्हणून झडतीत जे हातात आहे ते सोडायचं नाही. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, कलम 105, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं केलंय, जप्तीची यादी करून पंचांच्या सह्या होईपर्यंत. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं. वॉरंट नसताना झडती घेतली तर अधिकाऱ्यानं आधी कारणं लिहायची असतात आणि ते कागद 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं जायला लागतात. त्यांची प्रत घरमालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला अर्ज केला की मॅजिस्ट्रेटकडून फुकट मिळते. तो अर्ज साध्या कागदावर, दुसऱ्याच दिवशी द्या, आणि पोचवर तारखेचा शिक्का मारून घ्या.