खाजेवर आधी मॉइश्चरायझर

नमस्कार मंडळी. थंडी पडली की मुलांच्या कोपरात, गुडघ्यामागे खाज सुटते, रात्रभर खाजवतात, आणि आपण मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, खाजेची एखादी ट्यूब द्या. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लावली की बरं वाटतं, थांबवली की परत येतं, आणि मनानेच महिनोन्महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड जरूर लावा, ते सांगतील तितके दिवस, घाबरू नका. पण मला बोलायचंय मॉइश्चरायझरबद्दल, कारण त्याला आपण औषध समजतच नाही.

अशी खाज बऱ्याचदा एक्झिमाची, म्हणजे इसबाची असते, त्यात त्वचेला ओल धरून ठेवता येत नाही. काही जणांत फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन जन्मतःच कमी बनतं, हे २००६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. मग त्वचा सुकते, भेगा पडतात, साबण-धूळ आत शिरते आणि खाज पेटते. म्हणून खाज नसली तरी मॉइश्चरायझर रोज लावायचं, दिवसातून दोनदा तरी, आणि भरपूर! ब्रिटनच्या गाइडलाइनमध्ये एक्झिमा असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलंय, आपल्याकडे छोटी बाटली दोन महिने पुरवतात, मग गुण कसा येणार?

कुठलं घ्यायचं? ब्रिटनमध्येच ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम असे चार प्रकार तपासले, २०२२ मध्ये निकाल आला, कुठलाच प्रकार बाकीच्यांपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे महागडं घ्यायलाच हवं असं नाही, बिनवासाची साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते, मुलाला चिकट वाटत असेल तर क्रीम घ्या, जे रोज लावून घेईल तेच आणा. सुगंधी मात्र नको.

आंघोळ कोमट पाण्याने, पटकन. बाळाला डाळीचं पीठ किंवा उटणं चोळायचं आजीला कितीही वाटलं तरी इसब असेल तर नकोच, आणि मोहरीचं तेलही नको. टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा, आणि अंग ओलसर असतानाच लगेच लावा, केसांच्या दिशेने, न रगडता. डब्यातून काढायला स्वच्छ चमचा ठेवा, बोटं घालू नका.

आणि हो, मॉइश्चरायझर कपड्यांत मुरलं की कपडा पटकन पेट घेतो, तेव्हा ते लावून किंवा तसे कपडे घालून गॅसपाशी किंवा देवाच्या दिव्यापाशी जाऊ नका. त्वचेतून पाणी गळायला लागलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.